विचार करून दिलेला पास

शारदा महाजन यांनी बत्तीस वर्षं बुऱ्हाणपुरात मुलींना गणित शिकवलं. त्यांचे यजमान लीलाधरभाऊ लालबागेतल्या आमच्या पत्त्यांच्या क्लबात अठरा वर्षं ब्रिज खेळले, आणि त्यांचा जोडीदार कायम एकच, शाहपूरचे केळीचे व्यापारी वामनभाऊ. लीलाधरभाऊ गेले. वर्षभराने ती रिकामी खुर्ची शारदाबाईंनी घेतली. खेळ त्यांना घरीच ऐकून ऐकून आला होता, आणि हिशेब तर हाडातच होता. दोन वर्षांत त्या आमच्यापेक्षा चांगल्या खेळू लागल्या.

ब्रिजमध्ये जोडीदार समोर बसतो. आपल्या हातात काय आहे ते त्याला फक्त बोलीतून सांगायचं. चेहऱ्याने नाही, खोकून नाही, आणि तसं काही कळलंच तर त्याचा फायदा घ्यायचा नाही. एक्का, राजा, राणी, गुलाम यांचे मिळून तेरा पॉइंट असले तर बोली, दहा असले तर पास, यात कोणाला अडत नाही. अडतं ते अकरा-बाराच्या हाताला. बोलावं तर फसू, पास द्यावा तर डाव जाईल.

वामनभाऊ चांगल्या हातावर लगेच बोलायचे आणि भिकार हातावर लगेच पास द्यायचे. मधल्या हातावर मात्र चष्मा काढायचे, पंख्याकडे पाहायचे, पत्ते पुन्हा लावायचे आणि मग मोठा श्वास सोडून म्हणायचे, "पास." तो श्वास ऐकला की आम्हा सगळ्यांना कळायचं, भाऊंकडे अकरा-बारा आहेत. आम्ही हसायचो. आम्हाला ती गंमत वाटायची, हे आज सांगायला लाज वाटते.

गेल्या डिसेंबरात क्लबाची वार्षिक स्पर्धा झाली. खंडवा, भुसावळ, जळगाव धरून सोळा जोड्या आल्या होत्या. या स्पर्धेत तेच वाटलेले पत्ते सगळ्या टेबलांवर फिरतात, त्यामुळे कोणी काय कमावलं ते लपत नाही. रविवारी दुपारी शेवटचा डाव उरला तेव्हा शारदाबाई आणि वामनभाऊ पहिल्या नंबरवर होते. त्यांच्या विरुद्ध मी आणि माझा जोडीदार नंदकुमार.

मी पास दिला. वामनभाऊंनी चष्मा काढला. पंखा बंद होता, तरी वर पाहिलं. एक मिनिट गेलं असेल. मग श्वास, मग पास. नंदकुमारचाही पास. आता शारदाबाईंनी पास दिला की डाव तिथेच संपणार होता, कोणालाच काही न मिळता.

शारदाबाई पत्त्यांकडे पाहत राहिल्या नाहीत. वामनभाऊंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पास."

वामनभाऊंनी पत्ते उघडे टाकले. "बारा होते माझ्याकडे, मॅडम. तुमच्याकडे?"

"अकरा. इस्पिकं तीन."

तिघांचे पास झाले की चौथ्याने आपल्या पॉइंटांत इस्पिकांचा आकडा मिळवायचा, पंधरा झाले तरच बोलायचं, हा नियम शारदाबाईंनीच मला शिकवला होता. त्यांचे चौदा होत होते.

"एक कमी, तर काय झालं? मागे चौदावर बोलल्याच ना तुम्ही. मी एवढा सोचत बसलो, दिसलं नाही का तुम्हाला?"

"दिसलं. म्हणून पास दिला."

वामनभाऊंना ते खरोखर समजलं नाही. "अहो, मग मी सोचत कशासाठी होतो?"

नंदकुमार फिसकन हसला. शारदाबाईंचं तोंड मात्र ताकात मेलेली माशी निघावी तसं झालं. मागे आपण चौदावर कशाच्या भरवशावर बोललो होतो, ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं.

"ह्यांनाही कळायचं का?" त्यांनी हळू विचारलं.

"लीलाधरला?" वामनभाऊंचा आवाज मऊ झाला. "तो तर मास्टर होता, मॅडम. माझ्या श्वासावरून पॉइंट सांगायचा. असा जोडीदार पुन्हा नाही मिळणार."

त्यांनी हे प्रेमाने सांगितलं. आता आठवलं की तेच जास्त ओंगळ वाटतं.

तो हात बाकीच्या सातपैकी सहा टेबलांनी बदामाचा चारचा डाव बोलून जिंकला होता. कप जळगावकर घेऊन गेले. चहाच्या वेळी शारदाबाई माझ्याजवळ आल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, मॅडम. खेळच तर आहे."

त्या माझ्याकडे अशा पाहत राहिल्या, की कप ओठाला लावायची माझी हिंमत झाली नाही. मग चहा तसाच ठेवून निघून गेल्या.

पुढच्या गुरुवारी रिक्षातून दोन पिशव्या घेऊन आल्या. घरातले स्पर्धांत जिंकलेले नऊ कप, लीलाधरभाऊंचे सात आणि स्वतःचे दोन. सेक्रेटरी भिकन चौधरींच्या टेबलावर त्यांनी ते मांडले.

"हे आमचे नाहीत."

"मॅडम, असं वापस करायला लागलो तर कोणाच्याच घरी कप राहणार नाही," चौधरी हसत म्हणाले.

"मग नका ठेवू कोणाच्या घरी."

दोन महिने त्या आल्या नाहीत. मार्चपासून प्रतिभा नावाच्या, नगरपालिकेत काम करणाऱ्या बाईंना घेऊन खेळतात. प्रतिभाताई नवशिक्या आहेत. हात कसाही असो, दोघी प्रत्येक बोलीआधी मनात पाचपर्यंत आकडे मोजतात. टेबल रेंगाळतं, लोक कुरकुरतात, आणि दोघी बहुधा शेवटून दुसऱ्या येतात. वामनभाऊंना आता नंदकुमार मिळाला आहे. छान जमतं त्यांचं.

मला कायमचा जोडीदार नाही. मिळेल त्याच्यासोबत बसतो. शारदाबाईंच्या टेबलावर आलो की त्या नमस्कार करतात, विचारपूसही करतात. पण अकराचा हात घेऊन मी जरा थांबलो, की त्या नजर आपल्या पत्त्यांत घालतात आणि माझं होईपर्यंत वर करत नाहीत.