एकटीसाठी तवा

जुन्या जालन्यातल्या त्या गल्लीत बोलवा होती, की दैवशालाबाई दार लावून खातात. काय खातात, यावर तेवढं एकमत नव्हतं. बेबीनंदाकाकू नाकातून म्हणायच्या, "अवो, किलोकिलोनं मिठाई! न्हाईतर एवढं अंग वाऱ्यावर येतं का?" कापडवाला राधेश्याम थान गुंडाळत भर घालायचा, "भाभी, मिठाई न्हाई. तळलेलं. बिलकुल तळलेलं."

दार लागायचं, हे खरं. पण आत दैवशालाबाई ओट्यापाशी उभ्या राहून चहात खारी बुडवायच्या. सकाळी तेच, रात्री तेच. ज्वारीच्या पिठाचा डबा भरलेला होता. पण पीठ मळायचं, तवा तापवायचा, भाकर थापायची ती कुणाच्या तरी ताटात पडावी म्हणून. नवरा, साहेबराव, गेल्यापासून समोर ताटच नव्हतं. दार लावायच्या, त्या या उभ्या जेवणाची लाज वाटायची म्हणून. चहानं जळजळ व्हायची, तिच्यावर दुकानातून आणलेली गोळी, कित्येक वर्षं, रोज. अंग मात्र वाढतच होतं.

मग छातीत धडधड सुरू झाली. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा मधेच एखादा ठोका निसटायचा.

"मावशी, जेवता काय?" दवाखान्यात रक्ताचा रिपोर्ट बघत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दैवशालाबाईंनी मागं कुणी आहे का बघितलं आणि हळूच सांगितलं.

डॉक्टरीण हसली नाही. "अंग भारी म्हणजे पोट भरलेलं, असं नसतं. तुमच्या रक्तात मॅग्नेशियम फार कमी आलंय. ठोके तालात राहायला ते लागतं. मैद्यात ते नावालाच असतं, आणि जळजळीची ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की आणखी घटू शकतं." तिनं ती गोळी बदलली, मॅग्नेशियमची लिहून दिली. "पण नुसत्या गोळीवर राहू नका. ज्वारीची भाकर, डाळ, पालक, मूठभर शेंगदाणे. जमेल?"

"गोळी जमंल," बाई म्हणाल्या.

शेजारच्या शीतलनं, म्हणजे हे लिहिणारीनंच, पैज लावली. "मावशी, तुम्ही काही रोज भाकर करणार न्हाई. पोळ्यापर्यंत बघू!"

"केली तर?"

"म्हणाल त्याचा आवाज काढीन." शीतल नकला करायची.

पहिल्या दिवशी बाईंनी पीठ मळलं, झाकून ठेवलं आणि चहाच टाकला. दुसऱ्या दिवशी भाकर करपली. ती तशीच खाल्ली, पण खाली बसून. मग भिंतीपलीकडून रोज थापण्याचा आवाज येऊ लागला. त्याच्यामागून बोलण्याचा आवाज मात्र कधी आला नाही.

पोळ्याला त्यांनी शीतलला बोलावलं. "जितले मी. आता आमच्या ह्यांचा काढ."

शीतलनं छाती फुगवून जाड आवाज लावला, "दैवशाला, भाकर झाली का?"

बाईंचा हात परातीत थांबला.

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "नावानं हाक कधी मारलीच न्हाई त्यांनी. दारात येऊन नुसतं खोकायचे. मंग मी वाढायचे."

शीतल खोकून बघत राहिली. बाई दरवेळी नाही म्हणून मान हलवायच्या. शेवटी त्यांनी भाकर उलटली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. हरलीस तू."