गाठ आधी सोडा

आमच्या आतोबांइतका चिडका माणूस गोदावरीच्या अलीकडे झाला नाही आणि पलीकडेही झाला नाही. हे मी त्यांचा लाडका भाचा असूनही सांगतोय. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मखमलाबादला त्यांचा शेवंतीचा मळा होता, फुलं बाजारात न्यायला टांगा होता आणि टांग्याला एक पांढरी घोडी होती. तिचं नावही शेवंतीच. पुढे फुलं टेम्पोनं जायला लागली, टांगा कोंबड्यांना बसायला उरला आणि शेवंतीच्या पाठीवर लगीनसराईत नवरदेव बसायला लागले. आतोबा टेम्पोवर चिडायचे, बँडवाल्यांवर चिडायचे, नवरदेवाच्या बापावर तर हमखास चिडायचे. घोडीवर मात्र उभ्या जन्मात त्यांनी आवाज चढवला नाही. घोडी चुकली की तिच्या शेजारी जो कोणी उभा असेल तो शिव्या खायचा. त्यात मीही पुष्कळदा होतो.

घोडं हे मुळात भित्रं जनावर आहे आणि माणूस हे मुळात बिनडोक जनावर आहे, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. रस्त्यात उडणारी प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ते वरात थांबवून ती उचलायचे, खिशात कोंबायचे आणि ती टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. लग्नघरी पोचले की हातातल्या चुन्याच्या पुडीतून रस्त्यावर आडवी रेघ मारायचे. ताशेवाल्यानं त्या रेघेच्या अलीकडे यायचं नाही. एकदा कुठले तरी बडे साहेब मागून आले आणि त्यांनी कौतुकानं शेवंतीच्या पुठ्ठ्यावर थाप मारायला हात उचलला. आतोबांनी तो हात वरच्यावर धरला. "साहेब, तुम्ही जेवायला बसलाय अन् मागनं येऊन कोणी थापटलं तर चालंल का? पुढनं या. आधी तिला दिसा, मग हात लावा." साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ते लग्न साहेबांच्याच मुलाचं होतं.

माझ्या लग्नात तर त्यांनी कहर केला. हळदीच्या दिवशी सगळी वडीलमाणसं आशीर्वाद देत होती आणि हे गृहस्थ मला तांदळाच्या गोणीवर बसवून शिकवणी घेत होते. गोणीला पायजम्याची नाडी बांधून तिचा लगाम केलेला. मी सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर, हाताखाली बारा माणसं, आणि त्यातले चौघे समोर उभे राहून दात काढतायत. "रिकिबीत नुसती बोटं घाल," आतोबा म्हणाले. "सगळा पाय अडकवला अन् पडला, तर लटकून फरफटत जाशील. लगाम मनगटाला गुंडाळायचा नाय. घोडी उधळली तर बोंबलायचं नाय अन् दोन्ही दोर ओढायचं नाय. ओढलं की ती मान ताणून आणखी पळती. एकच दोर, हळूहळू गुडघ्याकडं. गोल फिरणारं घोडं लांब जात नाय." मग त्या चौघांकडे वळून म्हणाले, "अन् तुम्ही. मागं पळायचं नाय, आडवं हात पसरून शूरपणा करायचा नाय. बाजूच्या ओट्यावर चढायचं अन् गप राहायचं. अन् फटाका मला दिसला नाय पाहिजे." चौघांनी माना डोलावल्या. मेल्यांनी लडीचा खोका आधीच आणून ठेवला होता आणि मला ते ठाऊक होतं. मी बोललो नाही, कारण वरात जोरात व्हावी असं मलाही वाटत होतं.

आमच्याकडे लग्न लागण्याआधी नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या पाया पडायला निघतो. त्याला परण्या म्हणतात. नवरदेवाच्या मागे घोड्यावर बहिणीची लहान मुलगी करवली म्हणून बसते. माझ्या ताईची चिमी तेव्हा पाच वर्षांची होती आणि महिनाभर तिनं घोडीशिवाय दुसरा विषय काढला नव्हता. तिला माझ्या मागे बसवलं, आणि पोर पडू नये म्हणून माझ्या मावशीनं माझा शेला तिच्या कमरेभोवती दोनदा फिरवून माझ्या पोटावर पक्की गाठ मारली. वर दोन गजऱ्यांनी गाठ झाकलीसुद्धा. सगळ्यांनी मावशीच्या हुशारीचं कौतुक केलं.

आतोबांनी ते पाहिलं आणि लगाम धरून जागच्या जागी उभे राहिले. "गाठ आधी सोडा."

"अहो, लेकरू पडंल ना," मावशी म्हणाली.

"पडलं तर सुटंल. बांधलं तर ह्याच्याबरोबर जाईल. हा तर पडणारच हाय."

माझे सासरे समोर, नव्या सासरची चाळीस माणसं समोर, आणि हा म्हातारा मला पडणारा नवरदेव म्हणतोय. माझं डोकं फिरलं. "आतोबा, लग्न माझंय की तुमच्या घोडीचं?" मी सगळ्यांदेखत बोललो. इतक्या वर्षांत त्यांना कोणी असं बोललं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातानं गजरे काढले, गाठ सोडली, चिमीला उचलून ताईच्या कडेवर दिलं आणि म्हणाले, "बँड आधीच लय झालाय. आज हिला वर नाय बसवायचं." चिमीनं जो टाहो फोडला तो बँडच्या वर ऐकू येत होता. मी घोडीवर बसून दातओठ खात राहिलो. पुन्हा या माणसाचं तोंड बघायचं नाही, असं ठरवूनही टाकलं.

मारुतीच्या देवळाच्या अलीकडच्या गल्लीत लड फुटली. आमच्या चौघांपैकीच एकानं ती मागून, घोडीच्या पायांपासून चार हातांवर पेटवली होती. शेवंती आधी खाली बसल्यासारखी झाली आणि मग सुटली. आतोबांच्या हातातून लगाम निसटला. मी काय केलं? बोंबललो आणि दोन्ही दोर ओढले. तिनं मान ताणली आणि ती आणखी पळाली, अगदी शिकवणीत सांगितलं होतं तसंच. फेटा गेला, मुंडावळ्या गेल्या, गल्ली संपायला आली आणि पुढं डांबरी रस्त्यावर ट्रक दिसायला लागले. मागून आतोबांचा आवाज आला. "एकच दोर! गुडघ्याकडं!" आणि त्याच दमात दुसऱ्या कोणाला तरी, "पळू नको रे मागं, मुडद्या!"

मी एक दोर सोडला आणि दुसरा गुडघ्याकडे घेतला. शेवंती शाळेच्या मैदानात वळली. एक फेरा, दुसरा फेरा, तिसऱ्या फेऱ्याला मी पडलो. नुसती बोटं होती रिकिबीत, म्हणून पाय सुटला आणि मी बाजूला मातीत गेलो. शेला मात्र खोगिराला अडकून माझ्या अंगावरून ओढला गेला. घोडी तो पायाखाली तुडवत आणखी दोन फेरे फिरली. मी मातीत बसून तो शेला बघत होतो. त्याच शेल्याला पाच मिनिटांपूर्वी चिमी बांधलेली होती. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही तो डोळ्यांपुढं येतो.

आतोबा चालत आले. घाई नाही, ओरडा नाही, घोडीला दिसेल असे बाजूनं, तिच्याशी पुटपुटत. लगाम धरला, तिचा गळा चोळला, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सगळ्या गावादेखत माझी शोभा. ते म्हणाले, "पोरीला सांगू नका कोणी."

"काय?"

"गाठ का सोडली ते. जन्मभर घोड्याला भिईल. त्यापेक्षा माझा राग करू दे." मग गल्लीत परत जाऊन त्यांनी लडवाल्याच्या कानाखाली अशी काही लावली की तो बोहल्यापर्यंत गाल धरून होता.

चिमीनं राग केला, आणि तोही आतोबांना शोभेल असा केला. तिच्या लेखी झालेली गोष्ट एवढीच, की मामाला घेऊन घोडी मस्त पळाली आणि तिला मात्र एका दुष्ट आजोबांनी ऐनवेळी खाली उतरवलं. दर दिवाळीत आम्ही मळ्यावर जायचो. आतोबा म्हणायचे, "चल गं, बसवतो घोडीवर." ती मान फिरवायची. सगळी पोरं वाकून नमस्कार करायची, ही खांबाला टेकून उभी. ताई डोळे वटारायची तर आतोबा ताईवरच खेकसायचे, "तिला नाय करायचा तर नाय करायचा." असं दहा वर्षं चाललं. मधल्या काळात शेवंती म्हातारी होऊन गेली. मग आतोबाही गेले.

दहाव्याला रामकुंडावरून परतताना मी चिमीला सगळं सांगितलं. मावशीची गाठ, लडीचा खोका, मातीत तुडवलेला शेला. ती पंधरा वर्षांची पोर ऐकत राहिली आणि मग असली भडकली की थेट आतोबाच आठवले. "लड आहे हे तुला माहीत होतं? आणि दहा वर्षं तू मला बोलला नाहीस? मी त्यांना एकदा, एकदासुद्धा नमस्कार केला नाही, मामा."



त्या दिवाळीला ती आली, सगळ्यांच्या पाया पडली आणि मला वगळून पुढं गेली. पुढच्या दिवाळीलाही तेच. ताई डोळे वटारते, मी म्हणतो, राहू दे, तिला नाही करायचा तर नाही करायचा. म्हणतो खरा, पण फराळाचं ताट घेऊन कोपऱ्यात बसलो की मला फार वाईट वाटतं. आतोबांनाही वाटत असणार. त्यांच्या तोंडावर ते कधी दिसलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.