माशीचं खेचर आणि सुलतानची पाठ

"जखम धुवायची नाही," साहेब म्हणाले.

मी टर्पेंटाइनची बाटली हातात धरून तसाच उभा राहिलो. समोर घरोघर पाणी वाहणाऱ्या करीमचाचांचा बैल, नाव सुलतान. पाण्याच्या पखालीचा पट्टा घासून घासून त्याच्या पाठीवर तळहाताएवढी जखम झाली होती, आणि जखमेत अळ्या वळवळत होत्या. अशा बैलाचं काय करायचं ते आमचा चपराशी दगडूसुद्धा झोपेत सांगेल. टर्पेंटाइनचा बोळा दाबायचा, अळ्या गुदमरून वर आल्या की चिमट्यानं वेचायच्या, जखम धुवायची, मलम लावायचं. संपलं.

"हुजूर, न धुता कसं?"

"नक्को बोला ना! छह दिन नक्को. मला या अळ्यांच्या माश्या करायच्या आहेत."

ही निजामी अमलातली गोष्ट. औरंगाबादच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नवाच असिस्टंट लागलो होतो. मिर्झासाहेब आमचे सुपरिंटेंडेंट. माणूस दिलदार, शिकलेला, पण विलायती मासिकं वाचायचा. टपालात मासिक आलं की नवा प्रयोग ठरलेलाच. आधीच्या मासिकापायी आम्ही महिनाभर म्हशींना ग्रामोफोन ऐकवला होता. दूध छटाकभरही वाढलं नाही. दगडूला मात्र चार ठुमऱ्या पाठ झाल्या.

"जाधव, खेचर कशापासून होतं?" साहेबांनी विचारलं.

"घोडी आणि गाढवापासून, हुजूर."

"खेचराला पोर होतं?"

"नाही, हुजूर."

"बस्स! आपण माशीचं खेचर करायचं."

आता हे जरा समजावून सांगतो, कारण तेव्हा मलाही दोनदा ऐकावं लागलं. जनावराच्या जखमेवर एक माशी अंडी घालते. त्यांच्या अळ्या जिवंत मांस खातात. ही माशी म्हणे जन्मात एकदाच नराजवळ जाते. साहेबांचं म्हणणं असं, की दोन वेगवेगळ्या जातींच्या माश्यांचा संकर करायचा. त्यांचे नर दिसायला नर, वागायला नर, पण खेचरासारखे निष्फळ. असे हजारो नर रानात सोडायचे. माशी त्यांच्याशी संसार थाटणार, अंडी पोकळ निघणार आणि वंश आपोआप बुडणार. औषध नको, विष नको.

खोटं कशाला बोलू, मला पटलं. पण त्यासाठी सुलतानच्या पाठीवर अळ्यांना सहा दिवस जेवू घालायचं, हे काही पटेना. पोट भरलं की अळ्या खाली पडतात आणि मातीत शिरून कोश करतात. म्हणून साहेबांनी बैलाखाली चाळलेल्या मातीची परात ठेवायला लावली. सहा दिवसांत अळ्या मणक्याशी पोचल्या असत्या. मग तो बैल पखाल काय, झूलसुद्धा पेलायच्या लायकीचा राहिला नसता. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी मी "जी हुजूर" म्हणालो. नोकरी नवी होती. पण लाज वाटायची ती वाटलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी करीमचाचा आले ते पाठीवर चामड्याची मशक घेऊन, कमरेत वाकलेले. साठीचा माणूस. बैल आमच्याकडे बांधलेला, म्हणून नहरीच्या हौदावरून घरोघरचं पाणी स्वतःच्या पाठीवर वाहत होते.

"डाक्टरसाब, सुलतान चारा खाईना. लई तळमळतंय वो. औषध कवा लावणार?"

"साहेबांचा हुकूम आहे, चाचा. प्रयोग चाललाय."

"कसला प्रयोग?"

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे माश्यांची लग्नं लावायची, अन् पंगत माझ्या बैलाच्या पाठीवर?"

दगडू तोंड फिरवून खुसखुसला. मला हसूही येईना.

साहेबांना पुन्हा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "जाधव, एका बैलाकडे बघता की मुल्कभरच्या गुरांकडे?" मी बाहेर आलो. चाचा सुलतानच्या मानेवरून हात फिरवत होते. बैलानं डोळे मिटून घेतले होते. मला एकदम सुचलं.

"चाचा, एकट्यानं किती घरांचं पाणी होतं?"

"मरमरून धा-बारा. शेवटची दोन-तीन राहत्यात."

"शेवटचं घर कुणाचं?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

"छावणीकडचा बंगला. तुमच्या साहेबांचा."

"मग राहू द्या की. या वयात जिवाला किती त्रास देणार?"

"व्हय, तेबी खरंच."

पाणी वाहणाऱ्या पखाल्यांचा एक रिवाज होता. प्रत्येकाची घरं ठरलेली. एकाच्या घरात दुसरा पखाली थेंबभर पाणी घालणार नाही, मग मालक सुभेदार का असेना. आणि घरांचा क्रमही वाडवडिलांपासूनचा. पहिलं ते पहिलं, शेवटचं ते शेवटचं. बंगला घेताना साहेबांनी बाग पाहिली, हवा पाहिली, पाण्याचा नंबर काही पाहिला नाही.

पहिला दिवस रांजणातल्या पाण्यावर निघाला. दुसऱ्या दिवशी साहेब दाढी न करता आले. दुपारी तर कमाल झाली. बंगल्यावरची म्हातारी मोलकरीण तरातरा आत आली, साहेबांच्या टेबलावरच्या मासिकावर रिकामा घडा आदळला आणि म्हणाली, "बेगमसाहेबांनी पाठवलाय. भरलेला घेऊनच घरी या म्हणाल्यात."

साहेबांनी घडा उलटा करून पाहिला.

"जाधव, पानी कायकू नै आ रा?"

"हुजूर, पाणी प्रयोगात आहे. आवारात बांधलंय."

साहेब उठले, खिडकीपाशी गेले. बाहेर सुलतान मान टाकून उभा होता. मग मवाळ आवाजात विचारलं, "आज जखम धुतली तर कधी पखाल उचलेल?"

"वीस-बावीस दिवस लागतील."

"बावीस दिन!" साहेब दाराकडे वळले. "अरे, तो बोळा आणा! देखते क्या?"

मी धावलो. खरंच धावलो. अळ्या वेचताना मी दगडूची ठुमरी गुणगुणत होतो, इतका आनंद झाला होता. मणक्याला धक्का लागला नव्हता. साहेबांनी अळ्या मात्र फेकू दिल्या नाहीत, खाटकाकडच्या मांसाच्या तुकड्यासकट बरणीत घातल्या.

पुढचे बावीस दिवस त्या बैलाची जी बडदास्त राहिली ती जहागीरदारांच्या घोड्यांचीही नसेल. साहेब रोज सकाळी स्वतः मलमपट्टी करायचे. बंगल्यावरून गुळाची ढेप आली, ती बेगमसाहेबांकडून. चाचांनी मात्र घरांचा क्रम बदलला नाही. साहेब घडा घेऊन स्वतः हौदावर जायचे.

बरणीतून माश्या निघाल्या. साहेबांनी खाटकाकडची दुसऱ्या जातीची माशी आणून दोन्ही जाळीच्या पेटीत एकत्र ठेवल्या. त्या दोन कोपऱ्यांत बसल्या त्या बसल्याच. घोडी गाढवाकडे निदान बघते तरी. आठवड्यानं सगळ्या मेल्या आणि साहेबांनी मासिकाचं पुढचं पान उलटलं.

रिटायर झाल्यावर एकदा वर्तमानपत्रात वाचलं. अमेरिकेत असेच निष्फळ नर विमानातून सोडले आणि जखमेतली माशी मुलुखातून हुसकली. संकरानं नव्हे, किरणांनी निष्फळ केलेले. पण बाकी गणित आमच्या साहेबांचंच! साहेब तेव्हा हयात नव्हते. असते तर टांगा करून सांगायला गेलो असतो, आणि प्रयोग मोडल्याबद्दल चार शिव्या आनंदानं खाल्ल्या असत्या.

पण सुलतानसाठी जे केलं त्याचा पस्तावा आजही नाही. बैल घरी नेताना करीमचाचा साहेबांना सलाम करून म्हणाले होते, "सरकार, प्रयोग करा, जरूर करा. पर ज्या पाठीवर आपलं पाणी येतं, ती पाठ सोडून."