मोठ्या बाईंनी बांधलेली तांबडी पट्टी

अतिदक्षता विभागात सर्वजण त्यांना 'मोठ्या बाई' म्हणत. ऐन विशीत त्या परिचारिका म्हणून रुजू झाल्या आणि पुढे केस पिकेपर्यंत त्याच विभागाच्या प्रमुख परिचारिका राहिल्या.

कोणत्या रुग्णाला किती मनुष्यबळ व यंत्रे लागतील, हे ताडून गट पाडण्याची पद्धत त्यांनीच रुजविली. खाटेच्या पायथ्याशी हिरवी पट्टी असली की नुसती देखरेख, पिवळी असली की दोघांत एक परिचारिका, आणि तांबडीला अष्टौप्रहर स्वतंत्र परिचारिका. "ज्याची भूक मोठी, त्याला आधी वाढा," असे त्या बजावीत. विभागाचे मुख्य डॉक्टर शिकाऊ असताना त्यांच्याच देखरेखीखाली सुई टोचायला शिकले होते. त्यांना ते ताई म्हणत.

एके सकाळी बाईंचे थोरले भाऊ न्यूमोनियाने बेजार होऊन दाखल झाले.

"काय गं, घरच्या माणसाला काही खास?" धाप लागली असतानाही दादांनी चेष्टा केली.

"नियमाने मिळेल तेच. गप्प पडा," असे म्हणून बाईंनी स्वतःच्या हाताने तांबडी पट्टी बांधली.

परिचारिका यायच्या जागी स्ट्रेचर आले.

"तांबड्या पट्टीचे पेशंट आता दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायचेत, बाई," वॉर्डबॉय चाचरला. "सोमवारपासून. हे पहिलेच पेशंट. तुम्हाला कुणी बोललं नाही?"

बाई तडक डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

"समितीचा निर्णय आहे, ताई. एका तांबड्यापायी दोन पिवळे ताटकळतात."

"मला का नाही सांगितलंत? आज माझ्या दादांना हलवताहेत."

डॉक्टर खिडकीकडे पाहू लागले. "सांगितलं असतं तर तुम्ही तांबड्या पट्ट्या बांधल्याच नसत्या."

ज्याला हाताला धरून शिकविले, त्यानेच केसाने गळा कापला होता.

"दादा तुमचे, हे ठाऊक नव्हतं. पट्टी पिवळी करा, मी बघितलंच नाही समजा."

पण पिवळ्या पट्टीवर अर्धीच परिचारिका मिळते, आणि दादांना अर्धी पुरणारी नव्हती. तिकडे तरी पूर्ण मिळेल, या आशेने बाईंनी पट्टी तशीच ठेवली व ऑक्सिजनचा मास्क धरून त्या रुग्णवाहिकेत त्यांच्याशेजारी बसल्या.

दुसऱ्या रुग्णालयात दादा आठवडाभरही तगले नाहीत.

"पट्टी बदलायला कितीसा वेळ लागत होता, वन्सं?" वहिनींनी एवढेच विचारले आणि त्यांच्याशी बोलणे टाकले.

बाईंनी मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली. निरोपसमारंभाला त्या गेल्या नाहीत. पट्ट्या अद्याप बांधल्या जातात, नव्याच अर्थाने. डॉक्टरांनी एकदा निरोप धाडला, पण त्यात क्षमेचा शब्द नव्हता. वहिनींना द्यायचे उत्तर मात्र बाईंकडे अजून बाकी आहे.