भिंतीमागची मृदुला

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. जाऊ द्या, तुमचा भरवसा नाही. पण चहा ओतलाच आहे तर ऐका. एका हरवलेल्या बाईला शोधायला मी भर दुपारी बारा माणसं कामाला लावली होती!

तेव्हा लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. माहेर टाकवे, सासर कान्हे. म्हणजे फार लांब आले असं नाही, पण सगळंच नवं. घर नवं, शेगडी नवी, नावसुद्धा नवं. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ते लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाची खिचडी झाली. नाव सासूबाईंच्या हौसेचं, पण त्यांच्याच जिभेला वळेना. त्या मला 'पोरी' म्हणतात, हे 'अगं' म्हणतात, आणि माहेरी मी पूजाच.

गुरुवारी यांच्या कंपनीला सुट्टी असते. एका गुरुवारी म्हणाले, "अगं, पुण्यात जाऊ. भिंत चढायला."

"दोर असतो ना?"

"नसतो. पडलं तर खाली गाद्या आहेत."

सासूबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "म्होरं येवढा डोंगूर हाय, त्यो फुकाट हाय. आन् तुमी पुन्याला जाऊन भिताडावर चडनार व्हय?"

त्याच भाकरी बांधून घेऊन आम्ही निघालो.

ती जागा म्हणजे एका जुन्या इमारतीचं तळघर. खिडकी एकही नाही. कुडता चालणार नाही म्हणून मी यांचाच काळा टी-शर्ट आणि यांचीच ट्रॅक पँट घातली. तिथल्या समीर सरांनी केसांचा क्लिपही काढायला लावला. हाताला खडूची पूड फासली. भिंती सरळ नाहीत हो, अंगावर येतात! त्यांवर रंगीत गोटे ठोकलेले, आणि सगळीकडे पांढऱ्या पंज्यांचे ठसे. पार छतापर्यंत. माणूस नाही, नुसते हात.

"भिंतीच्या मागं पोकळ आहे," सर म्हणाले. "लोखंडी सांगाडा आहे. तिकडं कुणी जायचं नाही."

आता हे सांगायची गरज होती का?

तेवढ्यात यांना कंपनीतून फोन आला. तळघरात रेंज नाही, म्हणून हे वर गेले. मी हात धुवायला बोळकांडीत शिरले. टोकाला एक काचेचं दार, आत अंधार, आणि त्या अंधारात एक बाई उभी. काळे कपडे, केस मोकळे, पंजे पांढरेफटक. मी ओळखीचं हसले. तीही हसली. बिचारीचं इथं कुणीच ओळखीचं दिसत नव्हतं. या नादात हात धुवायचे राहिलेच, मी परत फिरले.

आणि दिवे गेले.

शहरात गुरुवारी दुपारी वीज जाते, हे मला काय माहीत! डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. वर कुठंतरी कुणीतरी दम खात होतं, मग गादीवर 'धप्'. पुन्हा 'धप्'. सरांनी मोबाइलची बॅटरी लावली, सगळ्यांना खाली बोलावलं आणि यादी वाचायला घेतली. एकेकाचा 'हो' येत गेला.

"मृदुला?"

कुणीच बोलेना.

"मृदुला कोण आहे? मृदुला!"

यादी संपली. माझं नाव आलंच नाही. पण यादीतून राहून जाणं मला नवं नाही. शाळेत सहलीची गाडी मला न घेताच गेली होती, तेव्हाही मी गप्पच बसले होते.

"मृदुलाला कुणी पाहिलंय का?" सरांचा आवाज बदलला होता. "वरून पडली असेल तर... कुणी पाहिलंय?"

चार माणसांत तोंड न उघडणारी मी, त्या दिवशी नेमकं उघडलं. "मी पाहिलंय. काळे कपडे, अंगाला मोठे. केस मोकळे. जरा आजारी वाटली. त्या काचेच्या दाराआड उभी होती."

"ती खोली तर महिनाभर कुलूपबंद आहे," सर हळूच म्हणाले.

बारा जण एकमेकांना चिकटले. आणि तेवढ्यात, भिंतीच्या मागून: ठक. ठक. ठक.

"मागं अडकलीय ती!" आम्ही सगळे भिंतीवर थापा मारू लागलो. "मृदुला! घाबरू नका!" सर्वांत मोठा आवाज कुणाचा? माझा!

तिकडून उत्तर आलं. घोगरं, दबलेलं, पुरुषाचं. "मृदुलाऽऽ!"

शेजारची कॉलेजची मुलगी रडायला लागली. मी तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "सर, ती एकटी नाहीये. तिच्यासोबत कुणीतरी आहे."

सरांनी भिंतीच्या कडेचं मागचं दार उघडलं. भसकन उजेड आत आला, आणि उजेडात घामानं निथळलेले आमचे हे! वीज गेल्यावर पुढचं विजेच्या कुलपाचं दार उघडेना, म्हणून मागच्या जिन्यानं येऊन ठोकत होते.

"मृदुला आहे ना आत?" हे धापा टाकत म्हणाले. "माझी बायको."

खरं सांगते, पहिल्या क्षणी माझ्या मनात काय आलं असेल? म्हणजे यांना आणखी एक बायको आहे!

तेवढ्यात दिवे आले. बारा जणांनी माझ्याकडे पाहिलं. काळा टी-शर्ट, अंगाला मोठा. मोकळे केस. पांढरे हात. काचेत मी कुणाला पाहून हसले होते, तेही तेव्हाच कळलं.

"जरा आजारी वाटते खरी," सर म्हणाले.

"अगं, किती हाका मारल्या!"

"मृदुला म्हणून?"

"मग काय, परक्या लोकांत 'अगं, अगं' ओरडू? फॉर्मवरही तेच लिहिलंय."

घरी कळल्यापासून सासूबाई रोज सकाळी विचारतात, "पोरी, घावली का गं ती?"

परवा यांनी माझ्या मापाचा टी-शर्ट मागवला, मला न सांगता. दारात पार्सलवाला. "मृदुला जाधव?"

"या नावाचं इथं कुणी नाही हो," मी म्हणाले. "पलीकडच्या आळीतही जाधव आहेत, तिथं विचारा."

दार लावून वळले, तर सासूबाई पदर तोंडात कोंबून बसलेल्या.

मी अनवाणीच धावले त्या पार्सलवाल्यामागं. आणि अख्ख्या कान्ह्याला ऐकू जाईल असं काय ओरडत होते, माहितीये?

"थांबा! मृदुला सापडली!"