दोरीवाल्या सरांची दुरुस्ती

दोरीवाल्या सरांच्या खिशात पेन नसला तरी चालायचं, सुतळीचा तुकडा मात्र हवाच. नाशिक रोडच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत. बोलता बोलता त्यांची बोटं सुतळी पिळायला लागायची. पीळ फार झाला की सुतळी मधेच वेटोळं घालायची. मग ती ताणून सर म्हणायचे, "आपल्या पेशीतला डीएनए असाच. पिळा, गुंडाळतो, ओढा, सरळ होतो." चहा घेतानाही हेच! शिपाईमामासुद्धा वैतागायचे.

त्यांचा लाडका प्रयोग किल्लीचा. दोन पदरी सुतळीला स्कूटरची किल्ली बांधून सोडायची. वजनाने पीळ उलगडायचा, किल्ली गरगर फिरायची. डीएनएचे दोन पदरही ताणले की असेच उलगडतात, हे ते इतक्या ठामपणे सांगत की शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती.

पुढे मी पुण्यात एका प्रयोगशाळेत लागले. तिथे डीएनएचा एकच धागा चुंबकाने ओढतात. त्याला चिकटवलेला बारीकसा मणी बघते तर उलट्याच बाजूला फिरतोय! हलका ताण दिला की डीएनए उलगडत नाही, आणखी पिळला जातो. फार जोर लावला तरच उलगडतो. जाणकारांना हे आधीपासून ठाऊक होतं, आमच्या सरांना नव्हतं.

सरांचा निरोप समारंभ तोंडावर आलेला. सांगावं की नाही? ज्या प्रयोगावर माणूस जन्मभर मिरवला, तोच चुकीचा म्हणायचं? जीव नुसता टांगणीला लागला. शेवटी फोन केलाच. सरांनी मणी कुठल्या बाजूला फिरतो ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "अगं, म्हणजे मी इतकी वर्षं पोरांना चुकीचंच सांगितलं." आवाज पार पडलेला. मला माझाच राग आला.

समारंभात शाल घेऊन ते दोन वाक्यं बोलले आणि बसले. मला वाटलं, खचले बिचारे. कसले खचतात! निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर मिळवले आणि एकेकाला फोन करून चूक सांगत सुटले. आमच्या वर्गातला एकजण नामपूरला कांद्याचा व्यापार करतो. तो म्हणाला, "सर, मी कांदे विकतो. मला काय करायचंय डीएनएचं?"

सर म्हणाले, "तुला नसेल करायचं. पण मी दिलेलं चुकीचं तुझ्याकडे राहायला नको."

मागच्या हिवाळ्यात सर गेले. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला बसायला जागा नव्हती. जो बोलायला उठला तो त्या फोनबद्दलच बोलला, आणि ताणल्यावर डीएनए कुठल्या बाजूला वळतो ते प्रत्येकाने अचूक सांगितलं. बाकी सरांनी जन्मभर बरोबर शिकवलेलं कितीतरी होतं. त्यातलं एकालाही धड आठवेना.