साडूंचा स्वतःचा आवाज

इकडची काडी तिकडे न करता अख्ख्या घराला नाचवणारे नवरे मी पुष्कळ पाहिले. पण हातपाय हलत नसताना टोकियोच्या हिगाशी-कसाईतल्या समस्त मराठी मंडळींवर वचक ठेवणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच, आमचे साडू. स्नायूंच्या आजाराने त्यांचं शरीर हळूहळू थांबवलं, स्वभावाला मात्र धक्काही लावता आला नाही. व्हीलचेअर ते हनुवटीने चालवतात आणि बोलतात डोळ्यांनी. समोरच्या स्क्रीनवरच्या अक्षरांवर नजर रोखत वाक्य जुळवायचं, की यंत्र ते वाचून दाखवतं. बँकेत टोकन नंबर पुकारावा तशा त्या आवाजाचं नाव त्यांनी 'कारकून' ठेवलंय. स्टेशनवर रॅम्पची फळी लावायला येणाऱ्या कर्मचाऱ्यालाही ते कारकुनाकरवी जपानीत सुनावतात, "जरा डावीकडे." तो वाकून आभार मानतो. उतरायच्या स्टेशनला त्याचा फोन आधीच गेलेला असतो, आणि तिथला माणूस न सांगताच फळी डावीकडे लावतो. म्हणजे साडूंची तक्रारही फोनवरून पुढे जात असावी.

श्वासासाठी घशाला नळी बसवली की आवाज जाणार होता. त्याआधी डॉक्टर म्हणाले होते, हवी ती वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, पुढे नजर रोखली की तीच वाजतील. अशा वेळी माणसं प्रेमाचं काहीतरी बोलून ठेवतात. साडूंनी ठेवलं, 'वरणात मीठ नाही', 'तुम्हाला यातलं काही कळत नाही', आणि सगळ्यांत लाडकं, 'हे मी आधीच सांगितलं होतं.'

मेव्हणी विनवत होती, "अहो, दोन गोड शब्दही करा की रेकॉर्ड."

"गोड बोलायला मशीन पुरतं," साडू म्हणाले. "भांडायला स्वतःचा आवाज लागतो."

आम्ही पोट धरून हसलो. मग नळी बसली.

यंदा त्यांच्या मुलीला सेंदाईच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. शाळेतल्या बाई जमणार नाही म्हणाल्या होत्या, मेव्हणीने दुसरं कॉलेजही बघून ठेवलं होतं. एकटे साडू 'मिळणारच' म्हणत राहिले. तिला पोचवायला आम्ही टोकियो स्टेशनवर गेलो. निरोप कारकुनाने द्यायचा नाही, आपल्या आवाजातच द्यायचा, हे त्यांनी मला निघतानाच बजावलं होतं. पण त्या आवाजात गोड वाक्य होतंच कुठे? पोरगी शिनकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, दारात उभी, आणि यांची नजर मिठावरून वरणावर, वरणावरून माझ्या अकलेवर फिरतेय. शिनकानसेन कुणासाठी थांबत नाही. घंटी वाजली आणि नजर एका जागी स्थिरावली.

"हे मी आधीच सांगितलं होतं."

तोच पुणेरी, भरदार आवाज. मराठी प्रश्नाला कायम जपानीत उत्तर देणारी ती मुलगी चक्क मराठीत म्हणाली, "हो बाबा. तू एकट्यानेच सांगितलं होतंस."

दार लागलं. मेव्हणी रडली, मीही रडलो.

परतताना फळी चांगली हातभर उजवीकडे लागली. साडू काहीच बोलले नाहीत, आणि मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.